सैल

गावामागे पाटीच्या दगडाचा ढिगारा आहे.
ढिगारा कसला, डोंगरच,
शंभर वर्षं खाणीने नको म्हणून फेकलेला.
ब्लायनायमधली घरं त्याच्या पायाशी अंग चोरून बसतात
आणि वर्षाचे बहुतेक दिवस
पाऊस पाटी पुसत असतो.

तिथे एक पायरी आहे. वीतभर उंच, कड वस्तऱ्यासारखी.
आम्ही तिला पाद्री म्हणतो,
कारण ती कुणालाच सहजी वर जाऊ देत नाही.
माझी गाडी, हातभर लांब, रिमोटवर चालणारी,
पुढची दोन चाकं वर टाकायची,
मागचं उजवं हवेत उचलायची
खांबापाशी थांबलेल्या कुत्र्यासारखं,
आणि उताणी.
अकरा रविवार. मोजलेत मी.

मी गेथिन. बेकरीत रात्रपाळी करतो.
जादा पाळ्यांच्या पैशांतून नवे शॉक मागवले:
ॲल्युमिनियमचे, निळे, सराफाच्या काचेत शोभतील असे.
सगळ्यात कडक स्प्रिंगा, सगळ्यात घट्ट तेल.
गाडी टेबलावर उभी राहिली
सलामी देणाऱ्या शिपायासारखी.
मोडेन पण वाकणार नाही.

बाराव्या रविवारी मोडली.

शेजारी माइर प्यू राहते.
एक्केचाळीस वर्षं तिने शिलाई मशिनं दुरुस्त केली,
अजून कुणाच्या घरी गेली की आधी मशीन ऐकते, मग माणसं.
तिने गाडी तळहाताने वरून दाबली.
गाडीने दाद दिली नाही.
"ही कुणावर रुसलीय?"

मग त्या स्प्रिंगा, म्हणजे माझ्या तीन पाळ्या,
तिने काढून बशीत टाकल्या
कोळंबीच्या सालांसारख्या.
खणातून चार पेनं काढली,
गावातल्या अंत्यविधीवाल्याने फुकट वाटलेली,
प्रत्येकावर त्याचा फोन नंबर.
त्यांच्या स्प्रिंगा नखाएवढ्या कापल्या
आणि घातल्या आत, पिस्टनच्या खाली,
कुणाला दिसणार नाहीत अशा.
"वर ढकलायचं नाही हिला," ती म्हणाली.
"खाली ओढून धरायचं. अंग खाली, पाय मोकळे.
धाग्याचंही तेच. ताण जास्त झाला की तुटतो
आणि लोक सुईला नावं ठेवतात."

तेल पातळ भरलं. मग बसून राहिलो
बुडबुडे वर येईपर्यंत.
किटली दोनदा उकळली.
एक बुडबुडा तळाला चिकटून होता,
माइर त्याच्याकडे बघत होती
उधारी बुडवलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी.
शेवटी तोच लाजला.

गाडी टेबलावर ठेवली तर बसलीच,
पोट टेकून, भिजलेल्या मेंढीसारखी.
खरं सांगतो, मला रडू येत होतं. एवढे पैसे!
पण उचलली
तर चारही पाय लोंबले खाली,
झोपलेलं मांजर उचलावं तसे.

रविवारी पाटी ओली, काळी, कोरी.
माइर घडीच्या खुर्चीत, मांडीवर थर्मास.
पुढची चाकं वर गेली.
मागचं उजवं, तेच ते,
सुटलं कडेवरून, आणि मी डोळे मिटणार
तेवढ्यात बघतो तर ते खाली खाली जातंय,
अंधारात पायाने सपाता शोधाव्यात तसं,
इथे नाही, इथे नाही,
इथे.

वर गेली.
पाद्रीच्या डोक्यावरून गेली, पुढचा दगड, त्यापुढचा,
मी ओरडत होतो, काय ते विचारू नका,
आणि तिथे, वर, आपल्या बापाच्या घरी गेल्यासारखी
थांबली. बॅटरी संपली होती.

तर आता मी चढतोय.
उजवा गुडघा पिठाच्या पोत्यांनी कधीच खाल्लाय,
तो वाकत नाही, मीही त्याला फार विचारत नाही.
खालून माइरचा आवाज येतो,
"अंग खाली, गेथिन! पाय मोकळे!"
दगडावर दोन्ही हात टेकतो.
खिशात अंत्यविधीवाल्याचं एक पेन आहे, स्प्रिंग नसलेलं.
प्रत्येक पावलाला खुळखुळतंय.